धातुशोधक : एक कंप्रता की अनेक ?

१८८१ सालच्या २ जुलै रोजी वॉशिंग्टन येथील रेल्वे स्थानकावर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यांपैकी एक गोळी पाठीतून आत शिरली व शरीरातच राहिली. ती नेमकी कोठे अडकली आहे, हे वैद्यांना काही केल्या समजेना. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अद्याप १४ वर्षांचा अवकाश होता. अशा वेळी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी एक उपकरण सिद्ध केले. तारेची वेटोळी, विजेचे घट, प्रवाह एकसारखा तोडणारी व जोडणारी योजना आणि कानाशी धरावयाचा टेलिफोनचा भाग, एवढीच त्याची सामग्री. वेटोळ्यांची मांडणी अशी होती की, जवळपास धातू नसेल तर टेलिफोन मुका राही, आणि धातू जवळ आला की त्यात गुणगुण उमटे. जुलैच्या अखेरीस व पुन्हा १ ऑगस्ट रोजी हे उपकरण रुग्णाच्या अंगावरून फिरविण्यात आले. परंतु गोळी सापडली नाही. शोध घेतला गेला तो शरीराच्या उजव्या बाजूस, कारण गोळी तेथेच आहे अशी प्रमुख वैद्यांची खात्री होती. त्यातच पलंगावरील गादीला पोलादी स्प्रिंगा होत्या आणि उपकरण त्यांनाही तितक्याच इमानाने साद देत होते. १९ सप्टेंबर रोजी गारफील्ड निधन पावले. गोळी पाठीच्या कण्याच्या डाव्या बाजूस होती.

बेल यांचे उपकरण खोटे बोलत नव्हते. समीप धातू आहे, इतकेच ते सांगू शकत होते. तो धातू कोणता, हवा असलेला की नको असलेला, हे त्याला सांगता येत नव्हते. पुढे १९३७ साली गेर्हार्ड फिशर यांना अमेरिकेत धातुशोधकाचे पेटंट मिळाले आणि दुसऱ्या महायुद्धात भूसुरुंग शोधण्यासाठी हीच विद्या सैन्याच्या कामी आली. विमानतळावर प्रवाशाला जिच्यातून जावे लागते ती चौकट हे तिचे आजचे सर्वपरिचित रूप होय. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांत मात्र हातात धरावयाच्या धातुशोधकाने शेतांतून, माळांवरून आणि समुद्रकिनाऱ्यांवरून हिंडणे हा हजारो लोकांचा छंद बनला आहे. या छांदिष्टांपुढे बेल यांचीच अडचण निराळ्या वेषात उभी राहते. ती दूर करण्यासाठी काही यंत्रे एकाच कंप्रतेवर काम करतात, तर काही एकाच वेळी अनेक कंप्रतांवर. या दोहोंत भेद कोणता आणि अधिक कंप्रतांनी नेमके काय साधते, हे पाहण्यासारखे आहे.

वेटोळे आणि प्रतिसाद

धातुशोधकाच्या दांडीच्या टोकाशी जी चपटी तबकडी असते तिच्यात तारेची दोन वेटोळी असतात. त्यांपैकी एकात सतत दिशा बदलणारा विद्युत् प्रवाह सोडलेला असतो. हा प्रवाह एका सेकंदात जितकी आवर्तने पुरी करतो, ती संख्या म्हणजे त्याची कंप्रता. छंदासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रांत ती सामान्यतः ३ किलोहर्ट्झपासून १०० किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तीन हजारांपासून एक लक्ष आवर्तनांपर्यंत असते. या प्रवाहामुळे वेटोळ्याभोवती कमीजास्त होणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व ते जमिनीत शिरते. तेथे एखादे नाणे वा अंगठी असेल तर प्रवर्तनाच्या नियमानुसार तिच्या अंगात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह उत्पन्न होतात आणि या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र माघारी येऊन दुसऱ्या वेटोळ्यात अल्पसा विद्युत् दाब निर्माण करते. दोन वेटोळी अशा रीतीने एकमेकांवर सरकवून बसविलेली असतात की पहिल्याचा थेट परिणाम दुसऱ्यात जवळजवळ शून्य व्हावा. तसे न केल्यास पुरलेल्या वस्तूचा नाजूक प्रतिसाद त्या गदारोळात ऐकूच येणार नाही.

हा प्रतिसाद आला एवढ्यावर यंत्राचे समाधान होत नाही. तो केव्हा आला, हेही ते पाहते. वस्तूत उत्पन्न झालेला भोवरा-प्रवाह लगेच विझत नाही. त्याला ओसरण्यास थोडा वेळ लागतो. हा वेळ वस्तूच्या आकारावर, जाडीवर आणि धातूच्या विद्युत् रोधावर अवलंबून असतो. जाड, मोठ्या, चांदी किंवा तांब्यासारख्या सुवाहक वस्तूत प्रवाह दीर्घकाळ रेंगाळतो, पातळ वा रोधी वस्तूत तो क्षणात संपतो. सर्वसाधारण सोन्याच्या अंगठीसाठी हा ओसरणकाल सुमारे १० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या लक्षांश भागाइतका असतो. चांदीच्या मोठ्या नाण्याचा त्याच्या कितीतरी पट अधिक असतो. येणाऱ्या प्रतिसादाची लय मूळ क्षेत्राच्या लयीपासून किती सरकलेली आहे, यावरून यंत्र या ओसरणकालाचा अंदाज बांधते. या सरकण्याला कलांतर म्हणतात व ते अंशांत मोजतात. यंत्राच्या पडद्यावर जो आकडा उमटतो तो बहुधा या कलांतराचेच सोयीस्कर रूपांतर असते. तो धातूचे नाव सांगत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

एका कंप्रतेची मर्यादा येथेच प्रथम दिसते. ओसरणकाल ५ मायक्रोसेकंद असलेली एक वस्तू आणि १० मायक्रोसेकंद असलेली दुसरी अशा दोन वस्तू घेतल्या, तर ५ किलोहर्ट्झवर त्यांच्या प्रतिसादांतील कोनाचा फरक जेमतेम साडेआठ अंश पडतो. तोच २० किलोहर्ट्झवर १९ अंश होतो. उलट १०० व २०० मायक्रोसेकंद ओसरणकालाच्या दोन वस्तूंमध्ये ५ किलोहर्ट्झवर सुमारे ९ अंशांचा फरक असतो, तो २० किलोहर्ट्झवर दोन अंशांवर येतो. तात्पर्य, कमी कंप्रतेचे यंत्र मोठ्या, सुवाहक नाण्यांची पारख चांगली करते आणि लहान वस्तू त्याला एकसारख्या भासतात. अधिक कंप्रतेच्या यंत्राचे याच्या उलट. सोन्याच्या कणांच्या शोधात असलेले छांदिष्ट ४५ किंवा ७१ किलोहर्ट्झ अशा चढ्या एकाच कंप्रतेची यंत्रे वापरतात, ती यामुळेच. तांदळाएवढ्या कणातील प्रवाह इतक्या लवकर ओसरतो की मंद लयीच्या क्षेत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. नाणी शोधणारा मनुष्य हे यंत्र घेऊन शेतात गेला तर बंदुकीच्या छर्र्यांनी व चांदीच्या कागदाच्या कपट्यांनी तो हैराण होईल.

जमीन बोलू लागते तेव्हा

धातू नसतानाही जमीन स्वतः प्रतिसाद देते. मातीत मॅग्नेटाइटसारखी लोहयुक्त खनिजे असतात व ती क्षेत्राला आपलेसे करून किंचित वाढवितात. या प्रतिसादाचे वैशिष्ट्य असे की, तो मूळ क्षेत्राच्या लयीशी जवळजवळ समपाद असतो. त्यात सरकणे फारसे नसते. त्याचे बळ मात्र खोल पुरलेल्या नाण्याच्या प्रतिसादापेक्षा अनेक पटींनी अधिक असू शकते. यावरील तोड सोपी आहे. आलेल्या प्रतिसादाचे दोन भाग करावयाचे : एक मूळ लयीशी जुळणारा, त्याला समकला भाग म्हणू; दुसरा पाव आवर्तनाने सरकलेला, त्याला विकला भाग म्हणू. जमीन पहिल्या भागात बोलते, म्हणून यंत्राने केवळ दुसऱ्याकडे कान द्यावा. यालाच भूसंतुलन म्हणतात. कोरड्या शेतात, माळावर वा बागेत एका कंप्रतेचे चांगले यंत्र या युक्तीने उत्तम काम करते आणि अशा जागी अनेक कंप्रतांच्या महागड्या यंत्राने फार मोठी मजल मारली जाते असे नाही.

ओल्या किनाऱ्यावर ही युक्ती फसते. खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू विजेची वाहक असते. तिच्यातही भोवरा-प्रवाह फिरतात, पण रोध मोठा असल्याने ते तत्क्षणी ओसरतात. त्यामुळे मिठाचा प्रतिसाद जवळजवळ सर्वस्वी विकला भागात पडतो. म्हणजे जमिनीपासून बचाव करण्यासाठी यंत्राने ज्या भागाकडे कान लावला होता, नेमक्या त्याच भागात मीठ ओरडू लागते. मिठाला चुकविण्यासाठी कान दुसरीकडे वळवावा, तर तेथे खनिजे वाटच पाहत असतात. किनाऱ्यावर केवळ पांढरी वाळू व खारे पाणी असते तर मिठापुरती तडजोड करून भागले असते. पण पुष्कळ किनाऱ्यांवर जड काळी वाळूही असते. रत्नागिरीजवळील काळबादेवीच्या किनाऱ्यावर किंवा केरळात चवऱ्याला ती कोणालाही पाहावयास मिळेल. त्या काळेपणाला इल्मेनाइट कारणीभूत असते व त्याच्या सोबतीला बहुधा मॅग्नेटाइटही असते.

या ठिकाणी निसर्गाने एक विचित्र योग जुळवून आणला आहे. लाटा वाळू घुसळतात तेव्हा हलके कण वर राहतात व जड कण खाली बसतात. साध्या गारेच्या वाळूची घनता सुमारे २.६५, मॅग्नेटाइटची ५.२ आणि शुद्ध सोन्याची १९.३. स्नान करताना कोणाच्या बोटातून निसटलेली अंगठी या घुसळणीत खाली खाली जाते आणि घट्ट थरावर जाऊन थांबते. काळी वाळूही तेथेच साचते. ज्या कारणाने अंगठी तेथे पोहोचते, त्याच कारणाने तिला झाकणारी खनिजेही तेथे पोहोचतात आणि वर खारे पाणी असतेच. त्या अंगठीचे मोल सोन्याच्या भावावर ठरत नाही, हे ती हरवलेल्या माणसाला विचारावे.

दोन समीकरणांचा हिशेब

शाळेतील बीजगणितात दोन अज्ञात संख्या काढावयाच्या तर दोन समीकरणे लागतात, हे प्रत्येक विद्यार्थी शिकतो. बहुकंप्रता यंत्रांचे मर्म याहून वेगळे नाही. एका कंप्रतेवर यंत्राला दोनच मापे मिळतात, समकला व विकला. त्यांपैकी एक जमिनीने बिघडविले व दुसरे मिठाने, तर हाती काही उरत नाही. मात्र दोन कंप्रतांवर चार मापे मिळतात, आणि कंप्रता बदलली असता जमीन, मीठ व धातू या तिघांचे वागणे निरनिराळे असते. कंप्रतेबरोबर सर्वच प्रतिसादांत होणारी स्वाभाविक वाढ भागून काढली, तर जमिनीचा समकला प्रतिसाद दोन्ही कंप्रतांवर जवळपास तेवढाच राहतो. मिठाचा विकला प्रतिसाद कंप्रतेच्या प्रमाणात वाढतो : कंप्रता तिप्पट, तर प्रतिसादही तिप्पट. धातूच्या वस्तूचा प्रतिसाद यांपैकी एकही नियम पाळत नाही.

एक उदाहरण घेऊ. एका यंत्रात ५ व १५ किलोहर्ट्झ अशा दोन कंप्रता आहेत. वाळूत १० मायक्रोसेकंद ओसरणकालाची अंगठी आहे व तिचा पूर्ण प्रतिसाद १०० एकके धरला आहे. हिशेब केल्यास ५ किलोहर्ट्झवर तिचा समकला भाग ९ व विकला भाग २९ येतो. १५ किलोहर्ट्झवर हेच आकडे ४७ व ५० होतात. आता जमिनीचा समकला प्रतिसाद ५०० एकके आणि मिठाचा विकला प्रतिसाद ५ किलोहर्ट्झवर ४०, म्हणून १५ किलोहर्ट्झवर १२० एकके असू द्या. यंत्राला प्रत्यक्षात दिसते ते एवढेच : पहिल्या कंप्रतेवर ५०९ व ६९, दुसरीवर ५४७ व १७०. या आकड्यांत अंगठी कोठे आहे हे डोळ्यांना दिसत नाही. परंतु ५४७ मधून ५०९ वजा केले की जमीन नाहीशी होऊन ३८ उरतात. आणि १७० मधून ६९ ची तिप्पट, म्हणजे २०७, वजा केली की मीठ नाहीसे होऊन उणे ३७ उरतात. हे ३८ व उणे ३७ सर्वस्वी अंगठीचे आहेत. प्रत्यक्ष यंत्रातील रीत याहून पुष्कळ गुंतागुंतीची असते व जमीनही नेहमी इतकी नियमनिष्ठ नसते. काही मातींचा प्रतिसाद कंप्रतेनुसार किंचित बदलतो. तत्त्व मात्र हेच.

तथापि या वजाबाकीची किंमत मोजावी लागते. अंगठीऐवजी सोन्याची नाजूक साखळी वाळूत पडली आहे असे समजा. साखळीची एकेक कडी म्हणजे एकेक स्वतंत्र इवलेसे वेटोळे; कड्याकड्यांतील स्पर्श ढिला असल्याने मोठा प्रवाह साखळीभर फिरू शकत नाही. म्हणून साखळी कितीही लांब असली तरी यंत्राच्या दृष्टीने ती एका कडीएवढीच असते आणि ओसरणकाल अर्ध्या मायक्रोसेकंदाहून कमी असू शकतो. अर्धा मायक्रोसेकंद धरून वरचाच हिशेब केला तर विकला भाग ५ किलोहर्ट्झवर १.६ व १५ किलोहर्ट्झवर ४.७ येतो. म्हणजे बरोबर तिप्पट. मिठाचा नियम साखळीही तंतोतंत पाळते आणि मीठ पुसणारे यंत्र तिलाही मिठाबरोबर पुसून टाकते. मीठ उत्कृष्ट रीतीने झाकणारे यंत्र नाजूक सोने हटकून गमावते, यात कारागिराचा दोष नाही.

तशीच दुसरी मर्यादा. शीतपेयाच्या डब्याचे उघडण्याचे ॲल्युमिनियमचे कडे आणि सोन्याची अंगठी यांचे ओसरणकाल योगायोगाने सारखे असतील तर प्रत्येक कंप्रतेवर त्यांचे कलांतर सारखेच येणार. दहा कंप्रता वापरा वा शंभर, उत्तर बदलणार नाही. धातूची ओळख पटविण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती वाचताना हे विसरू नये. लोखंडाच्या बाबतीत मात्र अधिक कंप्रता खरोखर उपकारक ठरतात. लोखंड चुंबकीयही असते व वाहकही. मंद लयीत त्याचा पहिला गुण वरचढ, तर द्रुत लयीत दुसरा. दोन कंप्रतांवर त्याचे वर्तन असे पालटत असल्याने खिळा व नाणे यांतील भेद पुष्कळदा उघड होतो. बाटलीचे चपटे पोलादी बूच तरीही कधी कधी नाण्याचा आव आणतेच.

बाजारातील आकडे

छांदिष्टांच्या हाती बहुकंप्रता यंत्रे आली ती १९९१ च्या सुमारास. अमेरिकेतील फिशर कंपनीच्या एका यंत्रात ५ व १५ किलोहर्ट्झ या दोन कंप्रता होत्या. ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड येथील माइनलॅब कंपनीने आपल्या ‘सॉव्हरिन’ या यंत्रात १.५ पासून २५.५ किलोहर्ट्झपर्यंत १७ कंप्रता असल्याचे जाहीर केले. पुढे त्याच कंपनीच्या यंत्रांवर २८ हा आकडा झळकला. या आकड्यांनी ग्राहक दिपून गेले असल्यास नवल नाही. परंतु चौकोनी आकाराच्या कोणत्याही विद्युत् तरंगात मूळ कंप्रतेच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा कंप्रता आपोआपच असतात. त्या मोजावयाच्या ठरविले तर यादी हवी तेवढी लांबविता येते. किती कंप्रता बाहेर जातात यापेक्षा कितींचा प्रतिसाद पुरेशा बळाने परत येतो व हिशेबात घेतला जातो, हा प्रश्न महत्त्वाचा. आणि वर दाखविल्याप्रमाणे जमीन व मीठ एकाच वेळी वजा करण्यास दोन कंप्रता पुरतात. २०१७ नंतर या यंत्रांच्या किमती बऱ्याच खाली आल्या व पूर्वी सधन छांदिष्टांपुरती असलेली ही सोय साध्या यंत्रांतही मिळू लागली.

एका कंप्रतेचे यंत्र त्यामुळे कालबाह्य झाले असे मात्र नव्हे. यंत्राच्या घटातील शक्ती मर्यादित असते. ती अनेक कंप्रतांत वाटली की प्रत्येकीच्या वाट्याला कमी येते. विजेच्या तारांखाली किंवा दाट वस्तीत भोवतालचा विद्युत् गोंगाट अनेक कंप्रतांवरून आत शिरतो, तेव्हा एकच शांत कंप्रता निवडणे सोयीचे पडते. म्हणूनच अनेक बहुकंप्रता यंत्रांत हवे तेव्हा एकाच कंप्रतेवर येण्याची कळ ठेवलेली असते. कसलेला शोधक कोरड्या वाळूवर आल्यावर ती दाबतो व नाजूक साखळीला एक संधी देतो.

भारतात हा छंद फारसा रुजलेला नाही, आणि यंत्र घेऊन जुन्या गढीच्या पायथ्याशी जाण्यापूर्वी येथील कायदा माहीत असणे इष्ट आहे. संरक्षित स्मारकांच्या व पुरातत्त्वीय स्थळांच्या बाबतीत १९५८ चा कायदा लागू असून तेथे परवान्यावाचून उत्खनन करता येत नाही. अन्य जमिनीत सापडलेल्या ठेव्यासंबंधी १८७८ चा निखात निधी कायदा आहे. त्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा ज्याला सापडेल त्याने जिल्हाधिकाऱ्यांस लेखी सूचना द्यावयाची असते. तीत ठेव्याचे स्वरूप व अंदाजी किंमत, तो सापडल्याची जागा आणि सापडल्याची तारीख नमूद करावी लागते. पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने या तिन्हींत जागेचे महत्त्व सर्वांत मोठे आहे. नाणे कोणत्या थरात व कशाच्या शेजारी होते, हे एकदा ते उपटून काढल्यावर कोणत्याच यंत्राला सांगता येत नाही.